अनुस्वार स्थिर राहायला हवा

माझं काम ठिपक्यांचं आहे. रत्नागिरीत परटवण्याच्या आमच्या जुन्या घरात मी मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी करते आणि मुद्रितं तपासते. १९९६ पासून करते आहे. अनुस्वार पडला का, रफार बरोबर अक्षरावर चढला का, पूर्णविरामाच्या जागी स्वल्पविराम राहून गेला का, हे दिवसाचे सात-आठ तास पाहायचं. २०२२च्या पावसाळ्यात कंबर धरली. एमआरआय झाला, खालच्या दोन मणक्यांमधली चकती सरकल्याचं निदान झालं आणि सलग बसणं बंद करायला सांगितलं गेलं. उभं राहून काम करता येईल असं, वरखाली होणारं टेबल हवं हे त्या दिवशीच ठरलं. ते हलणारं चालणार नाही, हे मात्र पुढच्या वर्षभरात पैसे आणि श्रम घालवल्यावर नीट कळलं.

उभ्याने जुळणी करणं आमच्या घरात नवीन नाही. माझे वडील, अण्णा, इथल्याच एका छापखान्यात कंपोझिटर होते. त्यांच्या पुढ्यात खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या, केसा उतरत्या लावलेल्या असत. इंग्रजीचं काम दोन केसांत भागे. देवनागरीला काने, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं आणि जोडाक्षरं धरून काही शे घरं लागत, म्हणून चार केसा समोर आणि बाजूंना मांडलेल्या. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजवा हात सतत घरांमधून फिरता. याच रत्नागिरीत १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळात सावरकरांनी लिपिशुद्धीचा आग्रह धरला, अ लाच काने, मात्रा, वेलांट्या लावून स्वर लिहायची ‘अ ची बाराखडी’ मांडली, त्यामागे छपाईची ही अडचणही होती. अक्षरांचे आकार कमी झाले की केसेतली घरं कमी होणार, हात कमी लांबणार. अण्णांना ती बाराखडी डोळ्यांना कधी रुचली नाही, पण हाताला सोयीची झाली असती असं ते म्हणत.

लहानपणी मी डबा द्यायला छापखान्यात जायचे तेव्हा केसांच्या स्टँडला टेकून उभी राहायचे. ते कधी हललं नाही. शिसं, कथील आणि अँटिमनीचे खिळे भरलेल्या केसा त्यावर होत्या. एक केस उचलायला मोठा माणूस लागे. स्टँड खाली शहाबादी फरशीवर बसलेलं होतं. अण्णा त्यावर हात टेकवून ओळ वाचत आणि त्यांचा हात, स्टिक आणि खिळे सगळं जागच्या जागी असे. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र ते भिंतीला पाय लावून आडवे व्हायचे. पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगून आलेल्या मी रोज पाहत होते. म्हणून डॉक्टरांनी “उभं राहून काम करा” म्हटलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार त्या शिरांचा आला.

माळनाक्याजवळच्या फिजिओथेरपिस्ट ताईंशी मी हे बोलले. त्यांनी स्पष्ट सांगितलं, “दिवसभर उभं राहायचं नाहीच आहे. बसायचं, उठायचं, चालायचं. टेबल वरखाली व्हायला हवं ते याच्यासाठी.” अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले ॲलन हेज यांचा एक साधा हिशेब त्यांनी मला लिहून दिला: अर्ध्या तासात वीस मिनिटं बसणं, आठ मिनिटं उभं राहणं, दोन मिनिटं हालचाल. म्हणजे दिवसातून पंधरा-सोळा वेळा टेबल वर आणि तितक्याच वेळा खाली. हा कागद टेबल घेताना मला उपयोगी पडला, कारण त्यामुळे हाताने फिरवायच्या हँडलचं टेबल बाद झालं. कमरेच्या दुखण्याने वाकून तीस वेळा हँडल फिरवणं शक्य नव्हतं.

टेबल येईपर्यंत मी स्वयंपाकाच्या ओट्यावर काम केलं. चिऱ्याच्या भिंतींवर कडप्पा बसवलेला आमचा ओटा ३३ इंचांचा आहे. भाजी चिरायला, पोळ्या लाटायला ही उंची ठीक, कारण तिथे वरून जोर द्यायचा असतो. टंकलेखनाला ती कमी पडते, खांदे पुढे येतात. मी लॅपटॉपखाली पत्र्याचा चपटा डबा ठेवला, त्यावर पाट ठेवला, कमीजास्त करत राहिले आणि दोन-चार दिवसांत माझी उंची मला सापडली. हात सैल सोडून कोपरात काटकोनात वाकवले की अनवाणी पायांनी जमिनीपासून कोपरापर्यंत ९८ सेंटिमीटर. खुर्चीवर पाय पूर्ण टेकवून बसल्यावर ६३. मी १५५ सेंटिमीटर उंच आहे. टेबल घेणाऱ्या प्रत्येकाने आधी हे दोन आकडे काढावेत, असं मी आग्रहाने सांगते. नेहमीचं तयार टेबल ३० इंचांचं, म्हणजे ७६ सेंटिमीटर असतं. आमच्याकडच्या बहुतेक बायका आयुष्यभर आपल्या मापापेक्षा उंच टेबलावर खांदे चढवून लिहितात आणि मान दुखते म्हणून बाम चोळतात.

त्या ओट्याने आणखी एक गोष्ट शिकवली. त्यावर काम करताना पडद्यावरचा एकही अनुस्वार हलत नव्हता. तेव्हा याचं महत्त्व कळलं नाही.

पहिलं टेबल मी फोनवर चित्रं बघून मागवलं. चौदा हजारांचं. एक मोटर, दोन पाय, वरची फळी भुशाच्या दाबलेल्या बोर्डाची आणि तीही मधोमध जोडलेली. खोकं आलं तेव्हा एक कोपरा चेपलेला होता. जोडून उभं केलं, बटण दाबलं, टेबल छान वर आलं आणि मी टंकायला लागले. पडदा थरथरत होता. फार नाही, एखादा केस इतका. चित्रपट पाहणाऱ्याला जाणवणारही नाही. पण बारा पॉइंटच्या अक्षरावरचा अनुस्वार म्हणजे टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. तो थरथरला की डोळा त्याला पकडायला जातो, पुन्हा पुन्हा जातो, आणि तासाभरात कपाळ दुखायला लागतं. त्या आठवड्यात माझ्या हातून ‘नदीत’ आणि ‘नदींत’ यांतला फरक सुटला. लेखकाने तो दाखवला तेव्हा मला फार वाईट वाटलं.

ते परत करता आलं नाही. आमच्या पिनकोडवरून माल परत नेण्याची सोय नाही, असं उत्तर आलं. जुलैत त्या बोर्डाच्या चेपलेल्या कोपऱ्यात दमट हवा शिरली आणि तो पुरीसारखा फुगला. रत्नागिरीत पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कपाटातल्या चपलांवर बुरशी येते. उघड्या कडेचा भुशाचा बोर्ड इथे टिकत नाही. मला हे माहीत असायला हवं होतं. आमच्या सगळ्या कपाटांच्या पाठी मरीन प्लायच्या आहेत, त्या याच कारणासाठी.

मग मी आमच्या मेस्त्रींना बोलावलं. आमच्या घराची दारं-खिडक्या त्यांच्या वडिलांनी केलेली. त्यांनी टेबलाला दोन्ही हातांनी धरून आधी डावी-उजवीकडे हलवलं, मग स्वतःकडे ओढून पुढे ढकललं. म्हणाले, “ताई, ही दोन वेगळी दुखणी आहेत.” मग पिशवीतून ओळंबा काढून टेबलाच्या कडेला टांगला आणि मला नेहमीसारखं टंकायला सांगितलं. ओळंब्याचं टोक खाली पुढे-मागे झुलायला लागलं, आडवं फारसं नाही. आडवं झुलणं दोन पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्टीवर अवलंबून असतं. पुढे-मागे झुलणं जमिनीवरच्या पावलांच्या लांबीवर आणि नळ्या एकमेकींत किती घट्ट बसल्यात यावर. ही पावलं आखूड होती.

त्यांनी मला झेल्याचं उदाहरण दिलं. आंबे काढायला कलमावर झेला लावतो तेव्हा काठी जितकी लांब, तितकं टोक जास्त झुलतं. वरखाली होणाऱ्या टेबलाचे पाय म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्या, जुन्या रेडिओच्या एरिअलसारख्या. टेबल वर नेलं की आतली नळी बाहेर येते आणि दोन नळ्यांची एकमेकींवरची पकड कमी होते. म्हणून बसायच्या उंचीवर प्रत्येक टेबल स्थिरच वाटतं. दुकानात ते त्याच उंचीवर मांडलेलं असतं, आणि गिऱ्हाईक त्यावर हात ठेवून समाधानाने घरी जातं.

यानंतर जे झालं त्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं. मेस्त्री जाताना जिन्यापाशी थांबले आणि म्हणाले, “टेबल एकदा खाली आणून बघूया का?” माझी कामाची खोली माडीवर होती. सागाच्या तुळयांवर फळ्यांची जमीन, शंभर वर्षांची. कोणी जिना चढलं की माडीला कळतं. आम्ही दोघांनी टेबल खाली पडवीत आणलं, कोब्यावर ठेवलं, ओळंबा पुन्हा टांगला. झोका निम्म्याहून कमी झाला. टेबलाचा दोष होताच, पण मी ज्याला टेबलाचं थरथरणं समजत होते त्यातलं बरंचसं माडीचं होतं. मी वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेत होते, फळी दबत होती आणि ते सगळं वर पडद्यापर्यंत पोहोचत होतं. गावाकडच्या जुन्या घरांत असं टेबल घेणाऱ्यांनी आधी आपली जमीन पाहावी. चिऱ्याच्या जोत्यावरचा कोबा किंवा फरशी असेल तर निम्मं काम झालं.

म्हणून मी खोली बदलली. पडवीचा अर्धा भाग काचा लावून बंद करून घेतला. पुस्तकं खाली आणली. अण्णा ज्या झोपाळ्यावर बसून पेपर वाचायचे तो काढावा लागला. त्या निर्णयाला मला आठ दिवस लागले.

नोव्हेंबरात पुण्याला भाचीकडे गेले. ती हिंजवडीत नोकरी करते आणि तिच्या कचेरीत अशी टेबलं रांगेने आहेत. “मावशी, तू रविवारी ये, मी विचारून ठेवते,” म्हणाली. आंबा घाटातून एसटीने कंबर सांभाळत गेले ते केवळ या कामासाठी. पर्समध्ये मोजपट्टी, मेस्त्रींनी दिलेला छोटा ओळंबा, आणि पेनड्राइव्हवर माझं एक पान: बारा पॉइंटमध्ये जुळवलेलं, अनुस्वार आणि रफारांनी गच्च भरलेलं. तिथे आणि नंतर दोन दुकानांत मिळून मी सात टेबलं पाहिली. प्रत्येक टेबल ९८वर आणायचं, ते पान शंभर टक्के आकारात उघडायचं, पाच मिनिटं टंकायचं आणि ठिपक्यांकडे पाहायचं. दुकानातल्या मुलाने सुरुवातीला ‘मेमरी बटणं’, ‘मोबाइल चार्जिंग’ वगैरे सांगितलं. मग तोच माझ्याबरोबर ठिपके पाहायला लागला.

तिथे जे कळलं ते असं. एका मोटरच्या टेबलात ती मोटर एका दांड्यातून दोन्ही पाय फिरवते. दोन मोटरच्यात प्रत्येक पायाला आपली मोटर असते आणि वजन जास्त पेलतं. पण मोटरची संख्या म्हणजे स्थिरता नव्हे. एक दोन मोटरचं टेबल मी पाहिलेल्यांत सर्वांत जास्त डुगडुगत होतं, कारण त्याच्या पायांमध्ये आडवी पट्टीच नव्हती आणि नळ्यांचा पत्रा बारीक होता. चार पायांचंही एक होतं, ते खरंच ओट्यासारखं उभं होतं, पण ते माझ्या पडवीत मावलं नसतं आणि किमतीतही बसत नव्हतं.

दोन टप्प्यांच्या आणि तीन टप्प्यांच्या, म्हणजे दोन किंवा तीन नळ्यांच्या, पायांचा प्रश्न माझ्यासाठी कळीचा ठरला. दोन टप्प्यांचे पाय नुसते ७० सेंटिमीटरच्या आसपास सुरू होतात, त्यावर फळी. म्हणजे बसताना माझे खांदे पुन्हा चढलेलेच. तीन टप्प्यांचे ६०पर्यंत खाली येतात. तीन नळ्या म्हणजे सांधे दोन, आणि प्रत्येक सांधा सैल असू शकतो, ही भीती होती. पण मला टेबल पूर्ण वर, १२५पर्यंत, न्यायचं नव्हतंच. माझ्या ९८ला तीन नळ्या एकमेकींत भरपूर शिरलेल्या राहतात. सहा फुटी माणूस ज्या टेबलाला हलतं म्हणून नाकारेल ते माझ्या उंचीवर उत्तम असू शकतं. म्हणून दुसऱ्याच्या अनुभवाऐवजी आपल्या आकड्यावर टेबल पाहावं.

शेवटी मी फक्त फ्रेम घेतली, फळीशिवाय. सव्वीस हजार. दोन मोटर, तीन टप्पे, दोन पायांमध्ये जाड पट्टी, पावलं ७० सेंटिमीटर लांब, प्रत्येक पावलाखाली दोन फिरवता येणारे लेव्हलचे बोल्ट. फ्रेमचंच वजन ३४ किलो. ट्रान्सपोर्टने रत्नागिरीला आली.

फळी घरात होती. माजघराचं जुनं सागवानी दार, १९९०च्या दुरुस्तीत काढलेलं, माळ्यावर पडून. मेस्त्रींनी ते साडेचार फूट बाय सव्वादोन फूट कापलं, रंधा मारला आणि बिजागरीच्या खाचा लाकूड भरून बुजवल्या. सव्वा इंच जाड, वजन वीस किलोंच्या घरात. जड फळीने बारीक थरथर मरते हे खरं, पण पाय कमकुवत असले तर तीच जड फळी उलट जास्त वेळ झुलत राहते. म्हणून आधी पाय, मग फळी, हा क्रम मेस्त्रींना महत्त्वाचा वाटला. फ्रेमच्या पट्ट्यांना स्क्रूसाठी गोल भोकं होती. त्यांनी पुढच्या रांगेची भोकं तशीच ठेवली आणि मागच्या रांगेची कानशीने लांबट केली. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “लाकूड पावसात रुंद होतं, मेमध्ये आवळतं. त्याला हलायला जागा दिली नाहीत तर ते फाटेल, नाहीतर स्क्रू उपटेल.” फळीला खालूनही पॉलिश केलं. तयार टेबलांना खालून बहुधा काही लावलेलं नसतं, आणि दमट हवा तिथूनच शिरते.

कोबा सपाट नव्हता. पाणसळ लावली तेव्हा उजव्या पावलाच्या मागच्या टोकाखाली सहा मिलिमीटरची पोकळी होती. मेस्त्रींनी पाचर न मारता लेव्हलचा बोल्ट खाली फिरवला आणि चारही टोकं सारखी टेकल्याचं कागदाची पट्टी सरकवून पाहिलं. फ्रेमसोबत आलेले बोल्ट त्यांनी स्टेनलेस स्टीलचे करून घेतले, कारण मांडवीच्या समुद्रावरून येणारा वारा इथे कुलपंसुद्धा खातो. पडदा मी झुलत्या हातावर बसवला नाही. असा हात टेबलाच्या प्रत्येक थरथरीला दुप्पट करून दाखवतो, हे पुण्यात डोळ्यांनी पाहिलं होतं. पडद्याचं बुटकं स्टँड सागाच्या ठोकळ्यावर ठेवलं, वरची कड डोळ्यांच्या रेषेत.

टेबल आणि भिंत यांत चार बोटं जागा आहे, वर जाताना खिडकीच्या दगडी चौकटीला लागू नये म्हणून. पायांखाली काथ्याचं जाड पायपुसणं आहे. पावसात कोबा गार पडतो आणि उघड्या पायांतून थंडी चढते. ते दोन सेंटिमीटर जाड आहे, म्हणून उभ्याची उंची ९८ऐवजी १०० ठेवावी लागली. दोन सेंटिमीटरचा फरक मनगटाला दुसऱ्याच दिवशी कळला.

विजेचं म्हणाल तर, वीज गेली की टेबल आहे त्या उंचीवर राहतं, घसरत नाही. आतल्या स्क्रूची रचनाच तशी असते. पण जोडताना सोबतच्या कागदावरचं एक वाक्य मी भिंतीवर चिकटवलं: दोन मिनिटं सलग चालवल्यास अठरा मिनिटं विश्रांती. भाचीची मुलं सुट्टीत आली की बटणाशी खेळतात, त्यांना ते वाचून दाखवते. मेच्या अखेरीस विजा सुरू झाल्या की रात्री प्लग काढून ठेवते. वीज वारंवार ये-जा झाली की कधीकधी बटणांच्या पाटीवर उंचीचे आकडे चुकतात. मग खालचं बटण दाबून टेबल तळापर्यंत न्यायचं आणि धरून ठेवायचं, की ते पुन्हा स्वतःचं माप घेतं.

कंबर पूर्ण बरी झालेली नाही. सकाळी उठताना अजून धरते. पण सलग दोन तास बसल्यावर डाव्या पायात जी कळ उतरायची ती आता क्वचित येते, आणि पोटऱ्यांवर शिरा नाहीत. त्या मी रोज पाहते.

मागच्या श्रावणात साडेतीनशे पानांचं एक पुस्तक आलं होतं, जुन्या वळणाचं, शब्दाशब्दावर अनुस्वार. सतरा दिवस ते केलं, अर्धं बसून, अर्धं उभ्याने. बाहेर पागोळ्या पडत होत्या. त्या दिवसांत एकदा ठिपका थरथरल्यासारखा वाटला म्हणून मी थांबले, ओळंबा टांगला. आडवा झोका होता, पुढे-मागे नव्हता. म्हणजे पट्टी. खाली वाकून पाहिलं तर आडव्या पट्टीचा डावा बोल्ट पाव फेरा सैल झाला होता. त्याची किल्ली दाराच्या खिळ्याला टांगलेली असते. आवळला, आणि एकशे बाराव्या पानावर परत आले.